पुंजाच्या घरची दिमडी

जुनं वाद्य घरात आणायचं म्हणजे पाटाची बायको करण्यासारखं हाय, असं मखमलाबादचा बहिरू मौले सांगायचा. आधीच्या घराचं नाव झाकायचं नाय. झाकलं तर एक ना एक दिवस चारचौघांत उघडं पडतं, आन् मंग आपल्याच अंगावर येतं.

बहिरू माळ्याचा. पाटाच्या कडेला वीस गुंठे, त्यात मेथी, कोथिंबीर, बांधाला झेंडू. पहाटे जुड्या बांधायच्या, सकाळी पंचवटीच्या बाजारात विकायच्या. विकायला बायको नवसाबाई पक्की. ती पाटीमागं बसली की बहिरूला तिथं काही कामच उरायचं नाय. मंग तो स्कूटी काढायचा आन् वाद्यं हुडकत फिरायचा. पेटी, पखवाज, संबळ, सनई, जे मिळंल ते. बाप मेला, पोरांना वाजवता येत नाय, वस्तू माळ्यावर धूळ खात पडलीय, असं घर त्याला बरोबर सापडायचं. घ्यायचं, नीट करायचं, आन् भजनी मंडळाला नायतर खंडोबाचं जागरण घालणाऱ्या वाघ्यांना विकायचं.

"लोकांचे नवरे घरातलं भंगार बाहेर काढत्यात," नवसाबाई म्हणायची. "आमचे लोकांचं भंगार घरात घालत्यात."

पारख मात्र खरी. कातड्यावरनं अंगठा फिरवला की बकरी, बोकड का वासरू ते सांगायचा. मेलेलं सोललं का मारून सोललं तेबी सांगायचा, पण ते खरं का खोटं हे बघायला कोण गेलंय.

पारखीचा माणूस फसत नाय असं थोडंच हाय. पंचवटीतल्या एका म्हातारीकडून त्यानं पेटी घेतली. घरी आणून भाता दाबला तर आतून चिं चिं. उंदरीण व्यालेली. पेटी परत घेऊन गेला, तर म्हातारी शांतपणे म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं? सूर अजून जिवंत आहेत." आडगावच्या एका बाईनं नवरा कामावर गेलेला बघून त्याचा तबला विकून टाकला. दुसऱ्या दिवशी नवरा बाजारात हजर. डग्गा काखेत मारून निघून गेला. बाईला दिलेले पैसे बाईकडंच राहिले.

हे हसण्यावारी गेलं. मालेगावचं नाय गेलं. तिथल्या स्टँडवर एका माणसानं त्याला क्लॅरिनेट विकली. वस्तू चांगली, भाव कमी, बहिरूनं काही विचारलं नाय. महिन्याभरानं बँडवाले तिघं भरल्या बाजारात आले आन् त्याची गचांडी धरली. क्लॅरिनेट त्यांची, चोरीला गेलेली. चौकीत त्याला एकच विचारलं, "कुणाकडून घेतलीस? घर सांग." सांगायला घरच नव्हतं. संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवला. येणारीजाणारी मखमलाबादची माणसं बघून गेली.

तवापासून त्यानं नेम धरला. रस्त्यावर घ्यायचं नाय. विकणाऱ्याच्या घरी जायचं, तिथलं पाणी प्यायचं, नाव, बापाचं नाव, वाद्य घरात कसं आलं, सगळं विचारायचं. आन् पुढं विकताना गिऱ्हाईकाला आधी घर सांगायचं. "ही पेटी सय्यदपिंप्रीच्या अमक्या मास्तरांची. मास्तर वारले, सुनेनं दिली." लोकांना याचा एवढा भरवसा वाटायला लागला की भजनी मंडळवाले भाव विचारायच्या आधी विचारत, "बहिरूभाऊ, घर कुठलं?" बहिरूची छाती तेवढ्यानं भरून यायची. मेथी विकून असा मान कुणाला मिळालाय?

असा हा माणूस तीन सालामागं पोळ्याच्या सुमाराला पेठच्या घाटावर चढला. पुंजा गांगोडे म्हणून एक म्हातारा वर पाड्यावर राहतो, त्याचा बाप वाघ्यांना दिमड्या मढवून द्यायचा, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. दिमडी म्हणजे एक-दीड तळहाताएवढ्या लाकडी कड्यावर ताणून बसवलेलं कातडं. दिसायला पोराचं खेळणं, पण चांगली असली तर अख्ख्या जागरणाला उठवून बसवती.

पुंजा कोकणा आदिवासी. डोंगराच्या उतारावर थोडा भात, थोडी नागली, आन् हिवाळ्यात खाली द्राक्षाच्या बागांत मजुरी. घर कुडाचं, सारवलेलं. आढ्याच्या खुंटीला एक रिकामं कडं लटकत होतं. पुंजानं ते काढून दिलं. बहिरूनं हातात घेतलं आन् त्याचा जीवच अडकला. काळं शिसवी लाकूड, अंगठा टेकायच्या जागी झिजून खळगा पडलेला. असलं कडं आता कोण करतंय.

"कातडं कुठं गेलं याचं?"

"उंदरांनी खाल्लं. कैक वरसं झाली."

"कशाचं व्हतं?"

पुंजा हसला. "कशाचं आसंल? घोरपडीचं. माझा बाप दुसरं लावीतच नव्हता. बकरीचं कातडं पावसात नवऱ्यासारखं ढिलं पडतं म्हनायचा."

"नवऱ्यानं ते सांगू नये," चुलीपुढनं त्याची बायको चिमणाबाई बोलली.

बहिरूनं कडं खाली ठेवलं. घ्यायची वस्तू आधी खाली ठेवायची, ही धंद्यातली रीतच हाय. "मढवलं नाय तर फळकूट हे, पुंजाबाबा. रिकाम्या कड्याचं मी काय करू? घोरपडीची असती तर आत्ता उचलली असती. तुम्ही म्हणाल तो भाव."

म्हणाला आन् चहा पिऊन खाली उतरला. हे बोलणं पुंजानं ऐकलं, आन् चुलीपुढं बसलेल्या चिमणाबाईनंबी ऐकलं. चौथं तिथं कुणी नव्हतं.

दसरा झाल्यावर पुंजाचा फोन आला. पाड्यावरच्या कुणाच्या तरी मोबाइलवरनं. "माळीदादा, या. चढवलं."

बहिरू गेला. दिमडी खुंटीला तशीच लटकत होती, पण आता भरलेली. घोरपडीच्या पोटाचं कातडं, बारीक खवल्यांच्या रांगा एकसारख्या, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेलं, कुठं सुरकुती नाय. त्यानं बोट मारलं. आवाज घराच्या कुडाला लागून परत आला. डोळे मिटून त्यानं पुन्हा मारलं. तीस वर्षांत असली दिमडी त्याच्या हाताला लागली नव्हती.

मंग त्यानं ती नाकाशी धरली. हळद आन् ओलसर कातड्याचा वास. जुनं कातडं धुळीचा वास देतं, याला जनावराचा येत होता. बहिरूला काय ते कळलं.

"बाबा, हे कवाचं?"

"तुमी म्हनालात ना. मंग गेलो डोंगराच्या कड्यावर. दोन दिस बिळाच्या तोंडाशी बसून व्हतो." पुंजानं मनगट पुढं केलं. नखांचे चार ओरखडे, खपल्या धरलेले. "मोठी व्हती. सोडंनाच."

"मटन तृप्तीला दिलं," चिमणाबाई म्हणाली. "लेक बाळंतीण आहा. कंबरेला बरं."

घोरपड मारली, नुसतं तिचं कातडं जवळ बाळगलं, तरी जेलात घालतात, हे बहिरूला पक्कं ठाऊक होतं. चंदनपुरीच्या जत्रेत खंडोबाच्या वाटेवर त्याचा फलक लावलेला त्यानं वाचला होता. वाघ्यांनीसुद्धा आता प्लास्टिकच्या पडद्याच्या दिमड्या घेतल्यात. पुंजाला किती ठाऊक होतं देव जाणे. वर पाड्यावर फलक नाय.

वस्तू तिथंच ठेवून उतरायचं, एवढंच करायला पाहिजे होतं. बहिरूनं पैसे मोजले, दिमडी गमछ्यात गुंडाळली आन् म्हणाला, "कुणाला बोलू नका."

"बोलायला आहा कोन इथं?" पुंजा म्हणाला.

महिनाभर दिमडी घरात होती. नवसाबाई म्हणाली, "हे असलं घरात नको. भिंतीवर जिवंत पाल बरी, मेलेली घोरपड नको." बहिरूलाही झोपेत चैन नव्हतं. पण रोज एकदा तो ती काढून वाजवायचा. चंपाषष्ठी जवळ आली, जागरणांचे दिवस सुरू झाले, आन् त्याला राहवलं नाय. जुन्या वाद्यांच्या खरेदीविक्रीचा मोबाइलवर एक ग्रुप हाय, त्यावर त्यानं व्हिडिओ टाकला. दिमडी हातात, तोंड भरून हसू.

"मंडळी, अस्सल घोरपडीची दिमडी. पेठच्या पुंजा गांगोडेंच्या घरची. त्यांच्या वडिलांच्या हातची, साठ वर्षांची. या घरात तीन पिढ्या घोरपडीशिवाय दुसरं कातडं चढलं नाय."

घर खरं सांगितलं आन् वय खोटं. कातडं साठ वर्षांचं हाय म्हटलं की मारल्याचं पाप कुणाच्या माथी नाय, असा त्याचा हिशेब. आन् तीन पिढ्यांचं बोलणं तर निव्वळ फुशारकी. माल विकताना जिभेला जरा तूप लावावं लागतंच.

चौथ्या दिवशी एकाचा फोन आला. आवाज मऊ, बोलणं अदबीचं.

"मौले दादा, घर कुठलं म्हणालात?"

हा प्रश्न ऐकला आन् बहिरू विरघळला. आपला माणूस! त्यानं घर सांगितलं, पाडा सांगितला, घाट चढल्यावर कोणत्या वळणाला गाडी लावायची आन् कोणत्या आंब्यापासनं पायवाट सुटते तेबी सांगितलं.

"नक्की घोरपडच ना? हल्ली लोक फसवतात हो."

"माझ्या अंगठ्याला विचारा."

"आणि अजून मिळतील त्यांच्याकडं?"

इथं थांबायचं. पण गिऱ्हाईक पुढं आलेलं असताना 'नाय' म्हणायची बहिरूच्या तोंडाला सवय नव्हती. "मिळतील की. का नाय मिळणार? घरच तसलं हे."

पेठ नाक्यावर चहाच्या टपरीशी दुपारी भेटायचं ठरलं. दोघं आले, साध्या कपड्यांत. एकानं म्हटलं, जरा वाजवून दाखवा. बहिरूनं वाजवली. टपरीवाला हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत राहिला. "वा, दादा," म्हणत दुसऱ्यानं खिशातनं ओळखपत्र काढलं. वनखात्याची माणसं.

त्यांनी आरडाओरडा केला नाय, हात लावला नाय. दिमडी कापडाच्या पिशवीत घातली, तोंड बांधलं, लाखेचा ठसा मारला. बहिरू बघत होता. एकाएकी म्हणाला, "साहेब, पाणी लागू देऊ नका तिला."

साहेबानं मान वर केली. "आता कोण वाजवणार आहे तिला?"

तोवर दुसरी जीप घाट चढून गेलेली होती. वळण, आंबा, पायवाट, कुणाला काही विचारावं लागलं नाय.

पुंजानं तर काही लपवलंच नाय. कुणी मारली विचारलं तर म्हणाला, म्या मारली. मढवली कुणी? म्या. विकली कुणी? म्या. बाप मढवायचा का? व्हय, बाप मढवायचा. एवढं बोलून म्हातारा स्वतःच्या पायानं जीपमध्ये जाऊन बसला. घराची झडती घेतली. कडं नाय, कातडं नाय, काही सापडलं नाय. पण बहिरूचा व्हिडिओ होता, फोनवरचं बोलणं होतं. तीन पिढ्या. अजून मिळतील. घरच तसलं हे. एकदा कुणी मागितली म्हणून मारलेली एक घोरपड, तिचा त्या बोलण्यानं पिढीजात धंदा झाला.

दुसऱ्या दिवशी दोघांना कोर्टात आणलं. नवसाबाईनं भावाला पिटाळून वकील गाठला होता. वकील तरणा, घाईतला. जिन्याखाली बहिरूला गाठून म्हणाला, "काका, तुम्ही भाजीवाले. त्यानं जुनी म्हणून विकली, तुम्ही जुनी म्हणून घेतली. कातड्यातलं तुम्हाला काही कळत नाही. एवढंच."

"मला कातड्यातलं कळत नाय," बहिरू म्हणाला. कुणीतरी थोबाडीत मारावी तसं त्याचं तोंड झालं.

"तुम्ही मागितली होती का त्याच्याकडे? खरं सांगा. मागितली असेल तर मारायला लावली असं होतं, मग मला जामीन मागताना जड जातं. तोच म्हातारा काय ते एकटा करत होता म्हटलं, तर सोपं."

बहिरूनं नवसाबाईकडं बघितलं. ती पदराचं टोक चावत होती.

"नाय," तो म्हणाला. "मागितली नव्हती."

वकील वर गेला आन् तेवढ्यात चिमणाबाई आली. पहिल्या एसटीनं उतरलेली, पायात चप्पल नाय, हातात धडप्यात बांधलेली नागलीची भाकर. बहिरूला बघून तिच्या तोंडावर उजेडच पडला.

"माळीदादा, तुमी आहात? बरं झालं. मला इथं कोन वळखीत नाही." तिनं त्याची बाही धरली. "त्यांना सांगा ना. ते म्हनतात हा नेमानंच मारीत आला, टोळी आहा. आमच्या घरात दुसरं कातडं घावलं का? तुमी सांगा, तुमी रिकामं कडं पाहिलं व्हतं. तुमी म्हनालात घोरपडीची आसती तर उचलली आसती, तवा हे गेले. ती एकच. तुमचं ऐकतील ते. तुमी बाजारातला मानूस."

बाकड्यावर दोन रक्षकांच्या मधी पुंजा बसला होता, चार हातांवर. त्यानं मान वळवली. रक्षकबी बघायला लागले. एक शिपाई कागद घेऊन चालला होता, तो थांबला.

आता बोलायला पाहिजे होतं. एकच वाक्य होतं. 'मी म्हणालो होतो.' ते बोलल्यानं पुंजा काही सुटला नसता, पण तीन पिढ्यांचा धंदेवाईक तरी ठरला नसता. मागितली म्हणून एकदा चुकलेला म्हातारा ठरला असता. आन् हे सांगू शकणारा माणूस अख्ख्या जगात एकच होता.

नवसाबाईनं मागनं बहिरूच्या दंडाला चिमटा घेतला.

"मावशी, मी कधी म्हणालो?" बहिरूचा आवाज चढला. एकदा चढला तो खाली येईना. "मी उलट बजावलं होतं पुंजाबाबाला. असलं काही करू नका म्हणालो होतो. कायद्यात बसत नाय म्हणालो होतो!"

चिमणाबाईनं बाही सोडली. तिला राग आला नाय. ऐकलेलं नीट ऐकलं का नाय, ह्याचाच ती विचार करत असावी. ती नवऱ्याकडं वळली.

"आवो, हे म्हनाले नव्हते? मी चुलीपाशी व्हते."

पुंजानं बहिरूकडं एकवार बघितलं. बराच वेळ नाय, दावं तुटलेलं जनावर कुठल्या वाटेनं गेलं ते बघावं एवढाच वेळ.

"गप बस, चिमणे," तो म्हणाला. "दादा नसतील म्हनाले. मलाच तसं आयकू आलं आसंल."

बहिरूला आठवड्याभरात जामीन मिळाला. गावात आला तवा नवसाबाईनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला. ग्रुपवरनं त्याला काढून टाकलं होतं. घरात होती नव्हती ती पेटी, दोन संबळ, फुटका पखवाज, सगळं तिनं एका भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. बहिरू आतल्या खोलीत बसून राहिला. घर कुठलं, कुणाचं, भंगारवाल्यानं विचारलं नाय.

पुंजाला जामीन होता, पण जामीनदार नव्हता. जमीन नावावर असणारा माणूस पाहिजे. पाड्यावर कसतात सगळे, नावावर कुणाच्याच नाय. ज्यांच्या होती ते म्हणाले, टोळीचं प्रकरण हाय बाबा, आम्हाला नको त्यात. बहिरूच्या नावावर वीस गुंठे होते. दुसऱ्या आरोपीला जामीन राहता येतं का नाय, हे त्यानं वकिलाला विचारलं नाय. म्हातारा नाशिकरोडच्या जेलात राहिला.

माघात एका सकाळी चिमणाबाई पंचवटीच्या बाजारात आली. पेठच्या गाडीतनं नाक्यावर उतरून चालत आलेली, काखेत धोतराचं गाठोडं. नवसाबाई सुटे पैसे आणायला गेली होती, पाटीमागं बहिरू एकटाच होता. बाई सरळ त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. त्याला वाटलं, आता ही शिव्या घालणार. सगळा बाजार ऐकणार. त्यानं हातातली जुडी खाली ठेवली.

"दादा, नाशिकरोडची गाडी कुठून भेटंल?"

"निमाणीवरनं," बहिरू म्हणाला. त्याला आपलाच आवाज लांबनं आल्यासारखा वाटला. "इथनं सरळ जा, मावशी. डाव्या अंगाला स्टँड हाय."

ती निघाली. बहिरूनं ढिगातनं मेथीची मोठी जुडी उचलली आन् तिच्यामागं दोन पावलं जाऊन तिच्या हातात कोंबली. चिमणाबाईनं जुडी बघितली, उलटीपालटी केली, परत येऊन ढिगावर जशी होती तशी ठेवली.

"तिथं आत भाजी नेऊ देत नाहीत," ती म्हणाली आन् निमाणीच्या दिशेनं चालायला लागली.

नवसाबाई चिल्लर घेऊन आली. तिनं पाठमोरी बाई बघितली, नवऱ्याचं तोंड बघितलं.

"गेली ना? मंग पाणी मारा जुड्यांवर," ती म्हणाली. "माना टाकल्यात त्यांनी."